घर पाहावे थांबवून

आमच्या दादाने मिशिगनमधले राहते घर विकून मोटारघर घेतले, ही बातमी सांगलीला पोहोचली तेव्हा आमच्या काकूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काकू नव्वदीला टेकलेली. मुलाने वास्तू विकली आणि मोटार घेतली, एवढेच तिच्या कानी पडले. रात्री तिने मला हळूच जवळ बोलावले आणि विचारले, "अगं, कर्ज झालं का गं त्याला?"

कर्ज झाले नव्हते. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. डेट्रॉइटच्या एका मोटारींच्या कारखान्यात उभा जन्म अभियंता म्हणून काढून तो निवृत्त झाला. मुलीचे लग्न झाले, ती तिथेच पलीकडच्या गावात नांदते आहे. दोन माणसांना चार खोल्यांचे घर, आणि डिसेंबर ते मार्च दारातले बर्फ फावड्याने ओढणे! एका हिवाळ्यात ओढता ओढता त्याची पाठ धरली आणि त्याने शपथ घेतली. पुढच्या हिवाळ्यात चौतीस फूट लांबीचे मोटारघर दारात उभे राहिले. बाहेरून पाहावे तर एस.टी.ची बस, आत पलंग, शेगडी, बेसिन, न्हाणी, कपाटे, सगळे काही. मागे साखळदंडाने एक छोटी मोटार बांधलेली. गावात भाजी आणायला चौतीस फुटांचे घर कोण काढणार?

बर्फाळ मुलखातून थंडीपुरते दक्षिणेकडे उतरणाऱ्या अशा वडीलधाऱ्या मंडळींना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. कॅनडातूनही ती थव्याथव्याने येतात. वाचकांना यात फारसे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडचे धनगर दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडी गावी परततात. पायाला चाके असलेल्या माणसालाही परतायला एक गाव लागते. संन्याशालासुद्धा चातुर्मास असतो. दादाला हे पटायला दोन हिवाळे लागले.

पहिला हिवाळा त्यांनी ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट या गावाजवळच्या वाळवंटात काढला. ही एक मौजेची जागा आहे. गाव उन्हाळ्यात ओसाड, आणि थंडीत त्याच्या चहूबाजूंनी मोटारघरांची जत्रा. जमीन केंद्र सरकारची. सरकारच्या भूमी खात्याने, म्हणजे 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट'ने, तिथे १९८३ सालापासून दीर्घ मुक्कामाचे तळ ठरवून दिले आहेत. परवाना घ्यावा आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल खुशाल राहावे. याच गावात 'हाय जॉली' नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. त्याचे खरे नाव हाजी अली. १८५६ साली अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर ओटोमन साम्राज्यातून हा आला. उंटांचा प्रयोग फसला, सरकार तो विसरले, आणि हा मात्र १९०२ साली तिथेच मातीआड झाला. समाधीवर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकाला धातूचा उंट. दादाला ही समाधी फार आवडते. "बघ, एवढा फिरस्ता माणूस, पण शेवटी त्यालाही जागा लागलीच," असे तो मला म्हणाला, तेव्हा वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून डबे आवरत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

वहिनींची तक्रार साधी होती. मोटारघराला तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची आणि एक मैल्याची. पहिली रिकामी झाली की दुसऱ्या दोन भरलेल्या असतात. वाळवंटात नळ नाही, गटार नाही. म्हणजे दर दहा-बारा दिवसांनी सगळा संसार बांधून, कपाटांना कड्या घालून, घरच्या घर उचलून टाक्या रित्या करायला न्यायचे. "वन्सं, जगात संडास घरात असतो. आमचं घरच संडासाला जातं!" हे वहिनींचे वाक्य मी प्राध्यापक-कक्षात सांगितले तेव्हा आमच्या संस्कृतच्या मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

आणि दुसरी अडचण पत्त्याची. घर विकले म्हणजे पत्ता विकला, हे त्या दोघांच्या उशिरा लक्षात आले. बँक विचारते पत्ता, विमा विचारतो पत्ता, मतदारयादी विचारते पत्ता. बारमाही फिरणारे पुष्कळ लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा या राज्यांत कागदोपत्री राहतात, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थाही आहेत. दादाने मुलीचा पत्ता दिला. पण जावयाच्या दारी आपली पत्रे पडतात, ही गोष्ट वहिनींना बोचत होती. अमेरिकेत चाळीस वर्षे काढली तरी काही गोष्टी बोचतातच.

तेव्हा जमीन घ्यायची ठरले. थंडीतले सहा-सात महिने मोटारघर उभे राहील, उन्हाळ्यात कुलूप लावून मुलीकडे आणि इकडेतिकडे जाता येईल, अशी जागा. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाऊबीजेला दादाकडे गेले ती या धामधुमीत. फिनिक्सच्या विमानतळावर दादा घ्यायला आला, आणि ओवाळणी म्हणून मला पहिल्याच दिवशी त्याने एक वही दाखवली. 'जागा: अपेक्षा' असा मथळा. पहिली ओळ होती, 'डोंगर दिसावा.' दुसरी, 'शेजारी दिसू नये.' पाणी सहाव्या क्रमांकावर होते.

आता, मराठी शिकवणाऱ्या बाईला जमिनीतले काय कळणार? पण मला एक गोष्ट कळली ती कागदावरून. आपल्याकडे जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. अमेरिकेच्या पश्चिमेत तसे नाही. १७८५ च्या कायद्यापासून तिथली जमीन चौकटीच्या वहीसारखी आखली आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौक. त्यात एकेक मैलाचे छत्तीस खण. प्रत्येक खण ६४० एकरांचा. खणांचे आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात आणि पुढच्या ओळीत उलटे फिरून पूर्वेकडे येतात, थेट नांगराच्या तासांसारखे. ॲरिझोनातली बहुतेक सगळी आखणी गिला आणि सॉल्ट या नद्यांच्या संगमाजवळच्या एका खुणेपासून मोजलेली आहे. एवढी देखणी शिस्त पाहून दादासारखा अभियंता विरघळला नाही तरच नवल! मला मात्र त्या कागदावर सारखे चुकल्याचुकल्यासारखे होत होते. थोड्या वेळाने उमगले: त्यात ओढा लिहिलेलाच नव्हता. रेघ ओढ्यावरून सरळ निघून गेली होती.

पहिली जागा पाहिली ती पश्चिमेकडे, क्वार्टझसाइटच्याच बाजूला. पाच एकर. मधोमध बारीक, पांढऱ्या वाळूची, सारवल्यासारखी सपाट पट्टी. चौतीस फुटांचे घर उभे करायला सपाटी फार महत्त्वाची असते. गाडी कलती राहिली तर दारे आपोआप उघडतात, तव्यावरचे धिरडे एका बाजूला जाते आणि जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रीज तर बिघडतोच. शिवाय रस्त्यावरून आत शिरताना चढ अचानक असेल तर गाडीचा लांबलचक मागचा भाग जमिनीला घासतो. इथे चढ नाही, खड्डा नाही. दादा खिशातून पाणसळ काढून मांडीवर मारतच हिंडत होता. दलाल म्हणाला की बारा वर्षांत आपण इथे पाण्याचा थेंब पाहिला नाही.

मी एका पालोवर्दे झाडाखाली सावलीला उभी होते. हिरव्या सालीचे, आपल्या बाभळीच्या नात्यातले वाटावे असे काटेरी झाड. सहज वर पाहिले तर माझ्या छातीच्या उंचीवर, फांद्यांच्या बेचक्यांत, वाळलेल्या काडीकचऱ्याचे जुडगे अडकलेले. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला.

वाचकहो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या ज्या कोणी आपल्या गल्लीतली झाडे पाहिली असतील, त्यांना हे जुडगे काय असते ते सांगावे लागणार नाही. आमच्या मागच्या दारच्या पेरूवर ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत लोंबत होते. मी दादाला हाक मारली आणि बोटाने दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने पाणसळ खिशात टाकली.

ती सपाट पट्टी म्हणजे ओढा होता. तिकडे त्याला 'वॉश' म्हणतात. वर्षातून तीनशे साठ दिवस कोरडा. आणि उरलेल्या दिवसांत, तेही बहुधा जुलै ते सप्टेंबरच्या वळवासारख्या पावसात, वीस मैलांवरच्या डोंगरात ढग फुटला की डोक्यावर ऊन असताना पाण्याची भिंत येते. ॲरिझोनात १९९५ पासून एक कायदाच आहे: रस्त्यावर अडथळे लावलेले असताना त्यांना वळसा घालून जो शहाणा पाण्यात गाडी घालील, त्याने स्वतःला सोडवण्याचा खर्च स्वतः भरावा. लोकांनी त्याला 'मूर्ख वाहनचालक कायदा' असे नाव ठेवले आहे. रात्री दादाने सरकारी पूरनकाशा काढून पाहिला. जागा पूररेषेत होती. 'शंभर वर्षांचा पूर' याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा असा नव्हे. दरवर्षी एक टक्का संभव, असा. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याचा संभव सव्वीस टक्के होतो, हे दादाने रुमालावर आकडे मांडून मला दाखवले. विकणाऱ्याच्या हे ध्यानात नसेल असे मला वाटत नाही. थंडीत हिंडणाऱ्यांना थंडीतच जमीन दाखवतात.

दुसऱ्या जागेने दादाला वेडच लावले. फिनिक्सच्या ईशान्येला, उतारावर, ओढ्यापासून चांगली उंच. समोर निळसर डोंगरांची रांग, अंगणात दोन प्रचंड सग्वारो निवडुंग, हात वर करून उभे. शेजारी दिसत नव्हता. वहीतल्या पहिल्या दोन्ही ओळींवर टिक झाली. पाच एकर, आणि भाव असा की मलाच आमच्या सोसायटीतल्या दोन खोल्यांची लाज वाटली.

इथे सहावी ओळ आडवी आली. पाणी टँकरने आणावे लागेल, असे कागदावर लिहिले होते. दादा म्हणाला, "त्यात काय? सांगलीला उन्हाळ्यात आपण नाही आणलं?" त्यावर शेजारचा (दिसत नव्हता, पण होता) एक म्हातारा कॅनेडियन गृहस्थ हसला आणि त्याने आम्हाला त्याच वर्षीची कथा सांगितली. ती तिकडे पोरासोरांना ठाऊक आहे. रिओ व्हर्डे फूटहिल्स नावाची एक वस्ती याच बाजूला आहे. छान बंगले, घोडे, डोंगराचे देखावे. तिथल्या शेकडो घरांचे पाणी शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या नळावरून टँकर भरून यायचे. कोलोरॅडो नदीचे पाणी आटत चालले, शहराने आधी बजावले, आणि १ जानेवारी २०२३ पासून शहराबाहेरच्यांना नळ बंद केला. पाण्याचे भाव भडकले, लोक कागदी ताटल्यांत जेवू लागले, पावसाचे पाणी बादल्यांत धरून संडासात ओतू लागले. राज्याने मध्ये पडून कायदा केला, तेव्हा कुठे वर्ष संपता संपता तात्पुरती सोय झाली. शहराचे म्हणणे असे की आमचे पाणी आमच्या करदात्यांसाठी. तेही खोटे म्हणता येत नाही.

पण इतकी घरे पाण्यावाचून उभी राहिलीच कशी? ॲरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे, आणि फिनिक्ससारख्या भागात नवी वसाहत पाडायची तर शंभर वर्षांच्या पाण्याची खात्री द्यावी लागते. मात्र 'वसाहत' म्हणजे सहा किंवा अधिक तुकडे. तेव्हा हुशार मंडळी जमिनीचे पाचच तुकडे पाडतात; त्यातला एक घेणारा पुढे पुन्हा पाच पाडतो. कायद्याला बगल देण्याच्या बाबतीत आपणच काय ते हुशार, अशी माझी जी समजूत होती ती त्या दिवशी गेली.

विहीर खणावी म्हटले, तर पाणी कित्येक शे फुटांवर, आणि लागेलच असेही नाही. तरी दादाचा धीर सुटला नव्हता. त्याने एक शहाणपणा केला होता: मातीची परीक्षा पास झाली तरच व्यवहार पक्का, अशी अट घातली होती. वाळवंटात गटार नसल्यामुळे प्रत्येकाने आपला शोषखड्डा स्वतः करायचा. आधी बंद टाकी, मग खडीतून पुरलेल्या सच्छिद्र नळ्या, आणि त्यातून सांडपाणी जमिनीत मुरायचे. माती मुरवून घेईल की नाही ते आधी तपासून परवाना मिळतो. परीक्षेची तारीख माझ्या मुक्कामातच होती, म्हणून मीही गेले.

यंत्राने खड्डा खणायला घेतला. दीड-दोन फुटांवर फाळ खणकन वाजला. खाली पांढरट, सिमेंटसारखा थर. त्याला 'कॅलिची' म्हणतात. हा स्पॅनिश शब्द मुळात लॅटिनमधल्या चुन्याच्या नावावरून आला आहे. म्हणजे आपली चुनखडीच. खड्डा आधी भिजवून ठेवला, मग पाणी भरून इंचाची खूण केली आणि किती मिनिटांत पाणी इंचभर उतरते ते घड्याळ लावून पाहायचे ठरले. फार भराभर उतरले तरी नापास, कारण मैला न गाळताच खालच्या पाण्यात जातो. उतरलेच नाही तरी नापास, कारण तो वर येतो. आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. वहिनींनी थर्मासमधून चहा दिला, शंकरपाळी दिली. दादा दर पाच मिनिटांनी वाकून पाहत होता. दुपार झाली. पाणी आरशासारखे स्थिर होते. त्यात निळा डोंगर उलटा दिसत होता.

"देखावा मात्र दोनदा दिसतोय हो," वहिनी म्हणाल्या.

दादा रागावला. दुसऱ्या पद्धतीचा शोषखड्डा करता येतो, मातीचा उंचवटा घालून. खर्च तिप्पट येईल, पण येतो, असे तो परतीच्या वाटेवर मोठ्याने बोलत राहिला. विजेचा खांब अर्ध्या मैलावर आहे, तारा ओढण्याचा खर्च आपल्याला, पण त्यापेक्षा सौर तावदाने बसवू. रस्ता कच्चा आहे आणि मध्ये दुसऱ्याची जमीन आहे, पण वहिवाटीचा हक्क लिहून घेऊ. प्रत्येक वाक्यात एक 'पण' होता. मोटारघरात कायमचे राहायला तिथल्या पुष्कळ तालुक्यांत, म्हणजे काउंट्यांत, बंदी असते. स्वतःची जमीन असली तरी तीवर स्वतःच्या गाडीत किती दिवस झोपायचे हे काउंटी ठरवते. "त्यासाठी आपण एक छोटी खोली बांधू," दादा म्हणाला.

"म्हणजे घर," वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वहिनी आणि मी मोटारघराबाहेर पणती लावून बसलो होतो. दिवाळी सरली होती, पण वहिनींना दारात दिवा लागतोच. आत दादा दिवा लावून नकाशे पाहत होता. त्याला वर्षापूर्वी काचबिंदू निघाला आहे, हे मला त्या रात्री कळले. कडेचे दिसणे कमी होते. संध्याकाळी समोरच्या दिव्यांभोवती खळी दिसतात. डॉक्टरांनी दिवसाच गाडी चालवा म्हणून सांगितले आहे. छोटी मोटार वहिनी झकास चालवतात. चौतीस फुटी घर त्यांनी कधी चालवलेले नाही, आणि आता सत्तरीच्या उंबऱ्यावर त्या शिकणारही नाहीत.

"ते डोंगर बघतात, वन्सं," त्या म्हणाल्या. "मी काय बघते सांगू? ही गाडी ज्या दिवशी हलायची थांबेल, त्या दिवशी ती कुठं उभी असेल ते बघते. त्या दिवशी मला एकटीला रात्री दवाखान्यात पोचता आलं पाहिजे. मधे ओढा नको."

मी म्हटले, "दादाला सांगितलंत का हे?"

"तू सांग. माझं ऐकलं तर घाबरले असं होईल. बहिणीचं ऐकलं तर भाऊबीज होईल."

मी सांगितले नाही. धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हटले की फिनिक्स आणि टुसॉन यांच्यामधल्या एका वसाहतीची वहिनींनी जाहिरात कापून ठेवली आहे, ती पाहू या.

तिसरी जागा ती. जागा म्हणायला दादा तयार नव्हता. तो तिला 'चाळ' म्हणाला. ओळीने आखलेले चिमुकले तुकडे, प्रत्येक तुकडा विकत मिळतो, त्यावर सिमेंटचा ओटा, एका कोपऱ्यात नळ, गटाराचे तोंड आणि विजेची पेटी. पेटीत तीस आणि पन्नास ॲम्पियरच्या दोन्ही जोडण्या. या दोहोंत दादाच्या मते जमीन-अस्मानाचा फरक: तीसवर ३,६०० वॅट मिळतात, पन्नासला दोन तारा असल्यामुळे १२,०००. म्हणजे पन्नासवर गारवा यंत्र चालू असताना वहिनींना मिक्सर लावता येतो. शेजारी हातभर अंतरावर. दवाखाना अकरा मिनिटांवर, डांबरी रस्ता. वहिनींनी स्वतः छोटी मोटार चालवून मोजले.

ही वसाहत पंचावन्नच्या पुढच्यांची. १९९५ च्या कायद्याने अशा वसाहतींना मुभा आहे. निदान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न पूर्ण झालेले एक तरी माणूस हवे. पाहुण्यांचे दिवस मोजतात. दारावरच्या आजीबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून वहीत लिहिले: 'तरुण पाहुणी, एक दिवस.' पंचेचाळिशीत ही पदवी मिळवायला मला ॲरिझोनात जावे लागले! दादाला मात्र हसू आले नाही. नातू आला तर त्याचेही दिवस मोजणार का, असे त्याने विचारले. मोजणार, असे उत्तर आले. हा मुद्दा त्याचा होता आणि तो खरा होता. वहिनींचाही चेहरा उतरला.

दाराचा प्रश्न तेवढा चटकन सुटला. वहिनींना दार पूर्वेला हवे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून मोटारघराचे दार उजव्या अंगाला असते. तोंड उत्तरेला करून उभे केले की दार आपसूक पूर्वेला येते आणि सकाळचे कोवळे ऊन थेट शेगडीपर्यंत पोचते. आमच्याकडे वास्तुशास्त्रापायी भिंती पाडतात. इथे स्टिअरिंग फिरवले.

त्या वर्षी काहीच विकत घेतले नाही. दादाने त्याच वसाहतीत एक तुकडा थंडीपुरता भाड्याने घेतला, 'विचार करायला' म्हणून. मी सांगलीला परतले, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या ढिगात बुडाले. पण दादा अभियंता आहे. २०२४ च्या जुलैत तो विमानाने एकटा फिनिक्सला गेला, दोन्ही जागा उन्हाळ्यात पाहायला. आदल्या वर्षी, २०२३ च्या उन्हाळ्यात, त्या शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सियसच्या वर होता. अशा उन्हात बंद मोटारघराचे रबर, टायर, औषधे, सगळे वितळते; पाहायला कोणीतरी लागतेच. डोंगराच्या जागेकडे जाणारा कच्चा रस्ता एका वळिवाने मधोमध कापून नेला होता. त्याने मला छायाचित्र पाठवले. खाली काही लिहिले नव्हते. रस्त्याच्या कापलेल्या काठावर उभा राहून त्याने स्वतःची सावली तेवढी टिपली होती.

२०२५ च्या मार्चमध्ये वहिनींचा फोन आला. कोपऱ्यावरचा तुकडा घेतला, लिंबाचे झाड आहे, टपाल आता स्वतःच्या नावावर येते. दादाचा आवाज मागून ऐकू येत होता: कोपऱ्यावरचा म्हणजे एका बाजूला तरी शेजारी नाही, हे सांग तिला. त्याच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. मोटारघर त्याने एप्रिलमध्ये मिशिगनपर्यंत नेले नाही. विमानाने गेले दोघे. पुढच्या वर्षी नेईन म्हणतो.

यंदाच्या भाऊबीजेचे तिकीट मी काढले आहे. दारावरच्या वहीत वहिनींनी माझ्या नावापुढे चौदा दिवस आधीच लिहून ठेवले आहेत. पाच एकरांचा तो नकाशा मात्र अजून गाडीत, चालकाच्या खुर्चीवरच्या कपाटाला चिकटवलेला आहे म्हणे. वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसतात.